धक्क्याला गाडी लावताना : नव्या ट्रकचालकाचे भय आणि मागे घेण्याची विद्या

मालवाहू गाडी चालवण्याचा परवाना नुकताच हाती आलेल्या तरुणाला हमरस्त्यावर गाडी हाकण्याची धास्ती फार दिवस पुरत नाही. पूर्व वा पश्चिम द्रुतगती महामार्गावर पाच-सहा खेपा झाल्या की हात बसतो, ‘गिअर’ अंगवळणी पडतात आणि गाडीच्या लांबीचा अंदाज येऊ लागतो. खरी कसोटी लागते ती खेपेच्या शेवटच्या पन्नास-साठ फुटांत. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या गाळ्यासमोर किंवा मुलुंडच्या गोदामापुढे गाडी उभी राहते आणि ती उलटी नेऊन मालाच्या धक्क्याला लावायची वेळ येते, तेव्हा महामार्गावर निर्धास्त असलेल्या त्याच चालकाच्या तळहातांना घाम फुटतो. हे भय लाजिरवाणे नाही आणि निराधारही नाही. ते कशातून उपजते आणि कोणत्या पद्धतीने आटोक्यात येते, याचा विचार मालवाहतुकीच्या व्यवसायात जितका व्हायला हवा तितका होत नाही.

उपनगरांची अडचणीची जागा

रेल्वेच्या ‘मालधक्क्या’मुळे परिचित असलेला ‘धक्का’ हा शब्द गोदामासमोरच्या उंच ओट्यालाही लागू होतो. आधुनिक गोदामात तो जमिनीपासून साधारण चार फूट, म्हणजे ट्रकच्या हौद्याच्या पातळीवर असतो. त्यामुळे माल उचलून खाली न उतरवता सरळ आत सरकवता येतो. भिवंडी परिसरातील नव्या गोदामांपुढे ट्रकला वळण्यासाठी प्रशस्त पटांगण ठेवलेले आढळते. मुंबईच्या उपनगरांत मात्र चित्र निराळे आहे.

अंधेरी पूर्वेकडील मरोळची एमआयडीसी, १९७३ साली स्थापन झालेले ‘सीप्झ’, साकीनाक्याची खैरानी रोड, कांदिवलीचे चारकोप, तसेच घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातून जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग ही उपनगरांतील उद्योगांची जुनी ठिकाणे होत. यांतील अनेक गाळे लहान गाड्यांच्या काळात बांधले गेले. गाळ्यासमोरच्या मोकळ्या जागेत पुढे पोटमाळ्याचे जिने आले, दुचाकींच्या रांगा आल्या, चहाच्या टपऱ्या आल्या. लालबहादूर शास्त्री मार्गावर तर कारखान्यांच्या जागी निवासी मनोरे आणि मॉल उभे राहिले व मॉलचा माल तळघरातल्या कमी उंचीच्या धक्क्यांवर उतरू लागला. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहिले. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. त्या खांबांच्या रांगेशेजारून आडव्या गल्लीत गाडी घालताना चालकाला पूर्वीइतके ऐसपैस वळण घेता येत नाही.

जागेच्या टंचाईला वेळेची टंचाई येऊन मिळते. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत अवजड वाहनांवर प्रवेशबंदी असते. ती लागू होण्यापूर्वी गाडी रिकामी करून बाहेर पडायचे, अन्यथा पुढले कित्येक तास अडकून राहायचे, हा हिशेब चालकाच्या डोक्यात सतत चालू असतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, मुंबईची जकात संपली आणि मुलुंड, दहिसरच्या नाक्यांवरील जकातीच्या रांगा इतिहासजमा झाल्या. नाक्यावरचा खोळंबा गेला. गाळ्याच्या दारातला मात्र तसाच राहिला.

भय नेमके कशाचे?

नव्या चालकाच्या मनातील भीतीचे पदर वेगवेगळे करून पाहिले तर त्यांवर उपाय शोधणे सोपे जाते. पहिला पदर न दिसण्याचा. ट्रकच्या पाठीमागचा भाग चालकाला दिसतच नाही. आरशांतून गाडीच्या दोन्ही कडा दिसतात, पण हौद्याच्या बरोबर मागे उभा असलेला माणूस कोणत्याही आरशात येत नाही. दुसरा पदर नुकसानीचा. फुटलेला दिवा, वाकलेले शटर, खरचटलेली भिंत यांचा खर्च आपल्या पगारातून वळता होईल, ही चिंता नोकरीच्या पहिल्या महिन्यांत फार टोचते. तिसरा पदर माणसाला इजा होण्याचा आणि त्यामागून येणाऱ्या पोलीस-कोर्टाचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, हे चालकांच्या वर्तुळात आता सर्वांना ठाऊक आहे.

चौथा पदर लोकांच्या नजरेचा, आणि बहुतेकदा तोच सर्वांत जड ठरतो. गल्लीत गाडी आडवी झाली की मागे रिक्षांचे भोंगे सुरू होतात. माथाडी कामगारांची टोळी ओट्यावर ताटकळत असते, मुकादम घड्याळाकडे पाहतो, रखवालदार आपल्या परीने सूचना देऊ लागतो आणि ये-जा करणारेही हात हलवून मार्गदर्शन करतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ साली या अनुभवाची मीमांसा मांडली. त्यांच्या प्रतिपादनानुसार इतरांच्या उपस्थितीत माणसाचे अंगवळणी पडलेले काम अधिक चांगले होते, तर नवे व अवघड काम अधिक बिघडते. जुना चालक बघ्यांच्या घोळक्यात एका दमात गाडी लावतो आणि नवा त्याच घोळक्यापुढे गोंधळतो, याचा उलगडा त्यातून होतो. यर्क्स आणि डॉडसन या संशोधकांनी १९०८ साली दाखविलेला नियमही येथे उपयोगी पडतो. थोडा ताण माणसाला सावध ठेवतो. ताण मर्यादेबाहेर गेला की अवघड काम बिघडू लागते. म्हणून भीती समूळ नाहीशी व्हावी अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. ती सावधपणाच्या पातळीवर रोखून धरता आली म्हणजे पुरे.

मागे जाण्याचे गणित

धास्तीचा मोठा भाग गाडी कशी वागेल हे न कळण्यातून येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते. फाटक साडेतीन मीटरचे असेल तर अशा गाडीच्या दोन्ही बाजूंना मिळून ९० सेंटीमीटर जागा उरते, म्हणजे एका बाजूला जेमतेम दीड फूट. आणि त्यातच आरसे सामावायचे असतात. वीस फुटी हौदा धक्क्याशी एका अंशाने तिरका असेल तर त्याच्या टोकाशी सुमारे १० सेंटीमीटरचा फरक पडतो. तिरकेपणा पाच अंशांचा झाला की तोच फरक अर्ध्या मीटरच्या वर जातो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : फाटकापाशी पोचल्यावर चूक सुधारायला जागाच नसते. ती आधी, मोकळ्या जागेत सुधारावी लागते.

उपनगरांत फिरणारे बहुसंख्य टेम्पो आणि ट्रक एकसंध सांगाड्याचे असतात. १९८६ साली आलेला टाटा ४०७, २००५ साली आलेला व ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखला जाणारा टाटा एस, चौदा ते एकोणीस फुटी आयशर आणि दहाचाकी ट्रक हे सारे या वर्गात येतात. मागे जाताना चक्र उजवीकडे फिरवले की गाडीची शेपटी उजवीकडे जाते, तर तोंड डावीकडे फेकले जाते. नवशिक्याचे सारे लक्ष शेपटीकडे असते आणि तोंड शेजारच्या रिक्षेला किंवा खांबाला घासते. बंदरातून कंटेनर आणणाऱ्या जोडवाहनाचे वागणे याहून उलटे. त्यात मागील भाग उजवीकडे न्यायचा तर आरंभी चक्र डावीकडे फिरवावे लागते आणि पुढील भाग हळूहळू मागील भागाच्या वळणामागे आणावा लागतो. या दोन प्रकारांची सवय एकमेकींत मिसळू नये म्हणून नव्या चालकाने काही महिने एकाच प्रकारच्या गाडीवर हात बसवणे श्रेयस्कर.

वेगाचेही गणित असेच बोलके आहे. ताशी तीन किलोमीटर म्हणजे रांगण्याचा वेग. त्या वेगानेही गाडी एका सेकंदात ८० सेंटीमीटरहून अधिक सरकते. ‘थांब’ हा शब्द कानी पडणे आणि पाय ब्रेकवर दाबला जाणे यांत तेवढा वेळ सहज जातो. त्यामुळे मागे जाताना वेग देण्याची गरजच नसते. डिझेलची गाडी ‘रिव्हर्स’मध्ये इंजिनाच्या मंद गतीवर आपोआप सरकते आणि उजवा पाय ब्रेकवरच तयार राहतो. क्लच अर्धवट दाबून गाडी सतत रेटत ठेवली की क्लचपट्टी जळते आणि त्या वासाने चालक आणखी बावरतो.

मान वर करून पाहणे हा नवशिक्याच्या हातून हमखास राहून जाणारा भाग होय. शटरची पेटी, सज्जा, विजेच्या तारा, झाडाची फांदी यांचा अंदाज आरशातून येत नाही. धक्क्याकडे उतार असेल तर गाडीचा माथा इमारतीच्या दिशेने झुकतो आणि खाली फूटभर अंतर शिल्लक असतानाच हौद्याची वरची कड भिंतीला लागते.

‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘क्लीनर साइड’

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे गाडीची उजवी बाजू ‘ड्रायव्हर साइड’ आणि डावी बाजू ‘क्लीनर साइड’ म्हणून ओळखली जाते. शेपटी उजवीकडे वळवत मागे जाताना चालक खिडकीतून डोके बाहेर काढून मागचे चाक, हौद्याची कड आणि धक्क्याचा कोपरा स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकतो. शेपटी डावीकडे वळवताना मात्र हीच कड हौद्याआड जाते आणि सारी भिस्त डाव्या आरशावर येते. त्यातील बहिर्गोल आरशात वस्तू आहे त्याहून लांब भासते, हा आणखी एक फसवा भाग.

निवड शक्य असेल तेव्हा ‘ड्रायव्हर साइड’ने गाडी लावावी, हा जुन्या चालकांचा पहिला धडा असतो. औद्योगिक वसाहतीच्या आवारात एक फेरी अधिक मारून उलट दिशेने आल्यास हे पुष्कळदा साधते. दुभाजक असलेल्या रस्त्यावर मात्र अशी मोकळीक नसते. डाव्या हाताच्या फाटकात डावीकडेच शेपटी घालावी लागते, आणि तेथे दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांची गरज लागते.

गाडी मागे घेण्यापूर्वी ती कोठे उभी केली आहे, यावर निम्मे यश ठरलेले असते. धक्क्यासमोरून जाताना वेग कमी करून जागा नीट पाहून घ्यावी, गाडी पुरेशी पुढे न्यावी, तोंड धक्क्याच्या विरुद्ध बाजूला वळवून शेपटी धक्क्याकडे आणावी आणि मग थांबून आरसे पाहावेत. कोन बिघडत आहे असे वाटताच चक्राशी झटापट न करता गाडी पुन्हा पुढे घ्यावी व सरळ करावी. दोनदा-तीनदा पुढे घेण्यात कमीपणा मानण्याची प्रथा घातक आहे. अमेरिकेतील व्यावसायिक वाहनपरवान्याच्या कसोटीतही परीक्षार्थीला मर्यादित वेळा खाली उतरून पाहण्याची मुभा दिलेली असते.

क्लीनर : पाठीमागचे डोळे

भारतीय ट्रकवर ही अडचण पिढ्यान्‌पिढ्या ज्याने सोडवली तो क्लीनर, बोलीभाषेतला ‘किन्नर’. गाडी धुणे, चाके तपासणे, दोर आवळणे ही त्याची कामे. पण अडचणीच्या जागी तो चालकाचा दुसरा डोळा असतो. ‘येऊ दे, येऊ दे, डावीकडे काट, सरळ कर, बस्स!’ अशा आरोळ्या, कधी त्यांचे हिंदी रूप, आणि हौद्यावर पडणारी थाप ही उपनगरांतील प्रत्येक गाळ्यासमोर ऐकू येणारी भाषा आहे. एसटीच्या स्थानकात फलाटावरून गाडी मागे काढताना वाहकाची शिट्टी हेच काम करते. ब्रिटनमध्ये या माणसाला ‘बँक्समन’ असे स्वतंत्र नाव आहे व त्याच्यासाठी ठरावीक हातवारे शिकवले जातात.

क्लीनरची जागा ही शिकाऊ उमेदवाराचीही जागा होती. वर्षानुवर्षे मागे उभे राहून शेपटी कशी वळते, तोंड कोठे फेकले जाते, ‘बस्स’ केव्हा म्हणायचे, हे ज्याने पाहिले तो चालकाच्या आसनावर बसला तेव्हा मागचे दृश्य त्याच्या डोळ्यांपुढे असे. आज ही साखळी तुटू लागली आहे. अनेक गाड्यांवर चालक एकटाच असतो. जुलै २०२५ मध्ये राज्यातील मालवाहतूकदारांनी केलेल्या आंदोलनात अवजड वाहनांवरील क्लीनरची सक्ती रद्द करावी, ही एक मागणी होती. माणसे मिळत नाहीत आणि खर्च परवडत नाही, ही वाहतूकदारांची बाजू समजण्याजोगी आहे. परंतु क्लीनर गेला की त्याच्याबरोबर चालकाचे पाठीमागचे डोळेही जातात आणि नव्या चालकाची शाळाही बंद होते, हे ध्यानात घ्यावयास हवे.

जेथे क्लीनर आहे तेथे त्याच्या जिवाचा विचार प्रथम करावा लागतो, कारण गाडी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत तोच उभा असतो. मागे जाणाऱ्या वाहनांचा धोका किती मोठा आहे हे ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेच्या निष्कर्षावरून कळते : कामाच्या ठिकाणी वाहनांमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे एक चतुर्थांश मृत्यू वाहन मागे घेताना होतात. म्हणून काही नियम गाडी हलवण्यापूर्वीच ठरवून घ्यावेत. खुणा देणारा माणूस एकच असावा. रखवालदार, मुकादम आणि वाटसरू यांच्या सूचना कानांआड कराव्यात. थापेचा अर्थ आधी ठरवावा, कारण एका गाडीवर एक थाप म्हणजे ‘थांब’, तर दुसरीवर तीच ‘चल’ असू शकते. खुणा देणाऱ्याने गाडीच्या मागे न राहता बाजूला, आरशात दिसेल अशा जागी उभे राहावे. तो आरशातून दिसेनासा झाला की कारण न शोधता तत्काळ गाडी थांबवावी.

२०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहू वाहनांच्या चालककक्षात वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. उन्हातान्हात राबणाऱ्या चालकासाठी ही सोय मोलाची. परंतु मागे जाताना काच खाली आणि गाणी बंद असली पाहिजेत, अन्यथा ‘बस्स’ ऐकूच येणार नाही.

उतरा आणि पाहा

एकट्या चालकासाठी सर्वांत भरवशाचा उपाय अत्यंत साधा आहे : गाडी थांबवावी, हातब्रेक ओढावा, खाली उतरावे आणि चालत मागे जाऊन पाहावे. अमेरिकेतील चालक-प्रशिक्षणात ‘उतरा आणि पाहा’ या अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘गोल’ हे सूत्र बनले आहे. आपल्याकडील जुने चालकही हेच करतात, फक्त त्याला नाव दिलेले नाही.

उतरल्यावर काय पाहायचे हेही ठरलेले असावे. जमिनीवर खड्डा, गटाराचे झाकण, पडलेली लोखंडी सळई आहे काय; वर सज्जा वा तारा आहेत काय; धक्क्याची उंची हौद्याशी जुळते काय; मागे मुले, कुत्री, झोपलेला हमाल आहे काय; आणि गाडीचे तोंड फिरेल तेव्हा समोर काय येईल. मग जमिनीवर एखादी खूण हेरावी. फरशीचा सांधा, विटेचा तुकडा, रंगाची रेघ यांपैकी काहीही चालेल. मागचे चाक त्या खुणेवर आले की थांबायचे, असे ठरवून पुन्हा बसावे. अशा रीतीने साठ फुटांचे एक अवघड काम पंधरा-पंधरा फुटांच्या चार सोप्या कामांत विभागले जाते आणि प्रत्येक थांब्यावर धपापणारी छाती शांत करायला दोन दीर्घ श्वासांची उसंत मिळते.

उतरण्याला चालक कचरतात ते बहुधा मागच्या भोंग्यांमुळे. वास्तविक उतरून पाहण्यात अर्धे मिनिट जाते. शटर वाकल्यास जाणारा वेळ, होणारी वादावादी आणि भरपाई यांच्याशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. भोंगा वाजवणाऱ्या रिक्षाचालकाला हात करून ‘दोन मिनिटे’ अशी खूण केली, तर बहुतेक वेळा तोही थांबतो. मागे उभ्या असलेल्यांना चालक काय करत आहे हे कळले की त्यांची अस्वस्थता कमी होते, हा अनुभव उपयोगी पडतो.

सराव कसा करावा

हे भय धीर देणाऱ्या शब्दांपेक्षा पायरीपायरीने केलेल्या सरावाने लवकर ओसरते. सुटीच्या दिवशी रिकाम्या आवारात, मालकाच्या संमतीने आणि अनुभवी चालकाला सोबत घेऊन, रिकामी पिंपे किंवा पुठ्ठ्याची खोकी मांडून धक्क्याची आखणी करता येते. पुठ्ठा चेपला तर कोणाचे नुकसान होत नाही. उलट गाडीची कड नेमकी कोठे आहे हे एकदाचे कळते. प्रथम फक्त सरळ रेषेत मागे जाण्याचा सराव करावा, कारण ते दिसते तितके सोपे नसते. चक्र अत्यल्प फिरवून गाडी रेषेत ठेवणे जमले की ‘ड्रायव्हर साइड’ने नव्वद अंशांत शिरण्याचा, आणि तो हात बसल्यावरच ‘क्लीनर साइड’चा सराव घ्यावा. खोक्यांमधले अंतर आरंभी ऐसपैस ठेवून दिवसागणिक कमी करत न्यावे. रिकाम्या गाडीनंतर भरलेली गाडी, दिवसानंतर रात्र आणि एकांतानंतर माणसांसमोर, असा क्रम राखल्यास प्रत्येक टप्प्यावर एकच नवी अडचण पुढे येते.

सरावात आणखी एक गोष्ट अवश्य करावी. नव्या चालकाने स्वतः खुणा देणाऱ्याच्या जागी उभे राहून दुसऱ्याची गाडी लावून द्यावी. क्लीनरकीच्या वर्षांत सहज मिळणारे ज्ञान त्याला अशाने थोडे तरी मिळते. ज्या ठिकाणी वारंवार जायचे आहे तेथे शक्य असल्यास आदल्या दिवशी पायी जाऊन फाटक, वळण आणि धक्का पाहून ठेवणेही फायद्याचे ठरते.

परवाना आणि प्रशिक्षण

कायद्याने या कौशल्याची दखल फार पूर्वीच घेतली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील पंधराव्या नियमात वाहनचालकाच्या चाचणीचे निकष दिलेले आहेत. वाहन मागे घेत उजवीकडील वा डावीकडील मर्यादित जागेत ताब्यात राखून व पुरेशा अचूकतेने शिरवणे, हा त्यांतील एक निकष आहे. धक्क्याला गाडी लावणे म्हणजे याहून वेगळे काही नाही. मागे घेताना कोणालाही धोका वा अनावश्यक अडथळा होणार नाही याची खात्री करण्याची जबाबदारीही चालकावरच असते.

मालवाहू वाहन चालवण्यासाठी किमान वय २० वर्षे असून, त्याचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर असावा लागतो. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. २०२१ मध्ये आलेल्या मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांच्या नियमांत मध्यम व अवजड वाहनांसाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम ठरवण्यात आला. त्यात आभासी चालनयंत्र आणि स्वतंत्र सरावमार्ग यांचा अंतर्भाव आहे. पुण्याजवळ भोसरी येथे केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेच्या अखत्यारीत चालक प्रशिक्षण व संशोधनाचे केंद्र आहे.

मात्र उपनगरांत माल पोचवणारे अनेक तरुण या वाटेने येत नाहीत. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दिलेल्या निर्णयानुसार, साडेसात हजार किलोच्या आतील एकूण वजनाचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. लाखो चालकांच्या उपजीविकेला त्यामुळे स्थैर्य लाभले. पण याचा दुसरा अर्थ असा की, छोट्या मोटारीवर शिकलेला, मागच्या काचेतून पाहण्याची सवय असलेला तरुण एके दिवशी बंद हौद्याच्या टेम्पोवर बसतो आणि पहिल्याच खेपेला साकीनाक्याच्या गल्लीत मागे जातो. त्याची उजळणी कोणी घ्यायची, हे कोठेच ठरलेले नाही. ही जबाबदारी गाडीच्या मालकानेच उचलायला हवी. पहिले काही दिवस अनुभवी माणूस सोबत देणे हे त्याच्या दृष्टीनेही दुरुस्तीच्या एका बिलापेक्षा स्वस्त पडते.

यंत्र आणि गाळेमालक

१ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे जाताना इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. मालवाहू गाड्यांवरही आता कॅमेरे दिसू लागले आहेत आणि त्यांचा उपयोग निःसंशय होतो. हौद्यामागची आरशात न येणारी जागा कॅमेरा दाखवतो. तरी त्याच्या काचेवर पावसाळ्यात चिखल बसतो, रात्री समोरच्या दिव्याने चित्र पांढरे पडते आणि वरचा सज्जा व गाडीचे फिरणारे तोंड त्याच्या कक्षेबाहेर राहतात. पडद्यावर खिळलेली नजर दोन्ही आरशांवर फिरत राहिली नाही, तर नव्या साधनातून नवा धोका उद्भवतो.

चालकाच्या भयाचे निवारण सर्वस्वी चालकावर सोपवणेही न्याय्य नव्हे. गाळेमालकाला अल्प खर्चात पुष्कळ करता येते. धक्क्यासमोर गाडीच्या रुंदीच्या दोन पांढऱ्या रेघा आखणे, धक्क्याच्या कडेला रबरी ठोकळे बसवणे, कोपऱ्यावर बहिर्गोल आरसा लावणे, रात्रीसाठी धक्क्यावर दिवा ठेवणे आणि गाडी येण्याच्या वेळी दुचाकी हलवून घेणे, ही कामे काही हजारांत होतात. गाडी लागेपर्यंत टोळीने ओट्याच्या कडेपासून दूर राहावे, चाकाखाली लाकडी ठोकळा लागल्याशिवाय कोणी हौद्यात चढू नये आणि शेवटचा माणूस उतरल्याखेरीज गाडी सुरू होऊ नये, ही शिस्त मुकादमाने पाळून घ्यावयाची असते. माथाडी कामगारांना १९६९ च्या कायद्याने जे संरक्षण मिळाले त्याचा आधार मजुरी आणि कल्याण हा आहे. धक्क्यावरील रोजच्या सुरक्षिततेला मात्र गाळ्यागाळ्यांतील शिस्तच उपयोगी पडते.

नवा चालक सरावतो म्हणजे काय होते? त्याची छाती पहिल्या दिवशी जशी धडधडते तशी सहाव्या महिन्यात धडधडत नाही, पण अनोळखी गल्लीत शिरताना ती थोडी धडधडतेच, आणि ते इष्टही आहे. भीतीने गोठून जाणे आणि भीतीमुळे वेळेवर थांबणे या दोहोंतले अंतर त्याने सरावाने कापलेले असते. क्लीनर सोबत नसेल त्या दिवशी तो एकदा अधिक उतरतो. भोंगे वाजत असतील तरी कोन चुकल्यास गाडी पुन्हा पुढे घेतो. त्याला नोकरीवर ठेवणाऱ्या मालकाने आणि ओट्यावर वाट पाहणाऱ्या मुकादमाने तेवढी मिनिटे त्याला मोकळ्या मनाने दिली, तर उपनगरांतील गाळ्यांसमोरचे बरेच अपघात टळू शकतील.